वहिनीचं अंडं आणि आमचा जवळा

आमच्या कोंबड्यांना काय खायला घालावं, या प्रश्नावरून माझ्या सख्ख्या भावाचा संसार मोडायची वेळ आली होती. कोंबड्यांचं काही बिघडलं नाही. त्या शेवटपर्यंत मजेत होत्या.

तारापूरकडे समुद्राकाठी अणुवीज केंद्राचं ते मोठ्ठं बांधकाम सुरू झालं, त्या वर्षांतली ही गोष्ट. बोईसर म्हणजे तेव्हा एक स्टेशन, चार दुकानं आणि बाकी सगळी भातखाचरं. आमचं घर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. घरात आई, मी आणि दादा. (वडील मी लहान असतानाच गेले.) दादा कराडकडे ओव्हरसियरचं शिकायला गेला, शिकून आला, बांधकामावर नोकरीला लागला आणि पाठोपाठ तिकडचीच एक मुलगी बायको करून घेऊन आला. लग्न अगदी रीतसर झालं हो! पण आई जन्मभर "मधूनं कराडहून आणली" असंच म्हणायची. ऐकणाऱ्याला वाटावं, परीक्षा पास होणाऱ्या प्रत्येकाला तिकडे एकेक वाटत होते!

वहिनीचं नाव शालन. उंच, हसरी, आणि भाकरी थापायला बसली की परातीचा आवाज स्टेशनपर्यंत जायचा. मला तर ती पहिल्या दिवसापासून आवडली. घरात मला "मालू, हे कर" आणि "मालू, ते करू नको" एवढंच ऐकायची सवय. वहिनी मात्र मला "वन्सं" म्हणायची, "तुम्ही" म्हणायची, आणि "वन्सं, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारायची. मला काही वाटतं, हेच मला तोवर ठाऊक नव्हतं! सतरा वर्षांच्या मुलीला आणखी काय हवं?

वहिनीत खोट एकच. तिला मासळीचा वास सहन होत नव्हता.

आता ही खोट कुठे चालेल, तर कराडला चालेल. आमच्या घरी "आज काय केलंय?" म्हणजे "आज कुठला मासा?" असा अर्थ. सकाळी ओली मासळी, रात्री उरलेली ओली मासळी, आणि पावसाळ्यात सुकी. आढ्याला बोंबलांच्या माळा, फडताळात सुकटीचा डबा, कोनाड्यात जवळ्याची बरणी. (जवळा म्हणजे ती बोटाच्या पेराएवढीसुद्धा नसलेली, वाळवलेली कोलंबी. मूठभर भाजली तर चार घरांना भूक लागते.) वहिनी बिचारी पदर नाकावर धरून स्वयंपाकघरात वावरायची आणि तोंडानं चकार शब्द काढायची नाही. गल्लीतल्या बायका आईला म्हणायच्या, "काय गो तुजी सून मर्यादशील! सदा मेला पदर तोंडावर!" आणि आई आपली फुगायची.

पुढे वहिनीला दिवस गेले आणि खरी परीक्षा सुरू झाली. पोटात काही ठरेना. भात उलटायचा, पेज उलटायची, आंबट वरण उलटायचं. टिकायचं ते फक्त एकच, मीठ लावून उकडलेलं अंडं. दादा तिला पालघरला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं, जिभेचा रंग बघितला आणि गंभीर होऊन म्हणाले, "अंगात रक्त नाही. माहेरी पाठवायचं मनात आणू नका, एवढा प्रवास तिला झेपायचा नाही. इथेच ठेवा आणि जे टिकतं ते द्या. अंडं टिकतं ना? मग सकाळ-संध्याकाळ अंडी द्या. खाल्लं नाही तर दोघांनाही जड जाईल."

त्या संध्याकाळी दादा जेवला नाही. ओटीवर नुसता बसून राहिला. मी एवढी घाबरले की काही विचारायची सोय नाही. मला वहिनी हवी होती, आणि वहिनीच्या पोटात जे कोण होतं तेही हवं होतं.

आता अंडी आणायची कुठून? गावातली झाडून सगळी अंडी तारापूरच्या साहेब लोकांकडे जायला लागली होती. उरल्या आमच्या परसातल्या पाच कोंबड्या. त्यांचा कारभार म्हणजे मनात आलं तर अंडं, नाहीतर नुसताच आरडाओरडा. एक तर अंडं न घालताच अर्धा तास ओरडून जायची!

"कोंबड्यांचं मी बघते!" मी जाहीर केलं.

"तू?" दादा म्हणाला.

"मॅट्रिक झाल्येय मी. शरीरशास्त्र होतं मला."

"माणसाचं होतं ना?"

"पोट सगळ्यांना सारखंच!" मी म्हणाले. (हे वाक्य पुढे कित्येक वर्षं मला घरात ऐकवलं गेलं.)

मी सरळ विचार केला. कोंबडी अंडं का देत नाही? अशक्त म्हणून. मग तिला सशक्त करा. मी उरलेला भात, त्यावर कणी, त्यावर खवलेलं खोबरं, असा नैवेद्य दाखवल्यासारखी वाढायला लागले. कोंबड्या तुटून पडल्या. थोड्याच दिवसांत त्यांची अंगं अशी सुटली की खुराड्याच्या फळीवर चढवेना. संध्याकाळी एकेकीला खालून ढकलून आत घालावं लागे. दुपारी जेवल्या की पाचही जणी जास्वंदीखाली आडव्या. कोंबडा तेवढा सडपातळ राहिला, तो काळजीनं. आणि अंडी? आधी जी मनात येईल तेव्हा मिळायची, तीही बंद झाली!

आई खुराड्यापाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "या आता अंडी नाय देणार. जेवतात नि झोपतात. तुज्या मामाचं काय वेगलं हाय?"

इकडे वहिनीचे डोळे खोल जायला लागले.

नेमकं त्याच आठवड्यात शाळेच्या ओसरीवर शेतकी खात्याचे एक गृहस्थ कुक्कुटपालनावर बोलायला आले. मी पहिल्या रांगेत! गृहस्थ मोठे छान बोलले. नुसतं धान्य घातलं तर कोंबडीवर चरबी चढते आणि अंडी थांबतात, म्हणाले. (पाच पुरावे माझ्या घरी झोपले होते.) कवचासाठी शिंपल्यांचा चुरा द्या, हिरवा पाला द्या, शेंगदाण्याची पेंड द्या, आणि अंड्यातल्या पौष्टिकपणासाठी चिमूटभर सुक्या मासळीचा भुगा द्या.

चिमूटभर. हा शब्द मी ऐकला बरं का! नीट ऐकला. पण समुद्राकाठच्या माणसाला जवळ्याची चिमूट म्हणजे काय ते त्या गृहस्थांना कुठून माहीत असणार? आमच्याकडे आई म्हणते, "वांग्यात चिमूटभर जवला घाल," आणि मी सूप भरून आणते, आणि आई म्हणते, "मेले, चिकटपणा करतेस!" आमच्या घरची चिमूट दोन हातांनी उचलावी लागते.

त्यात मुरब्याच्या कोळीवाड्यातून जानकीमावशी टोपली घेऊन आली. ती कोळीण आमच्याकडे वर्षानुवर्षं सुकी मासळी घालायची. मी तिला गाठलं.

"मावशी, कोंबड्यांना जवळा चालतो का गं?"

"चालतो म्हंजे? धावतो गो बाय!" टोपली उतरवून ती ऐसपैस बसली. "आमच्या मुरब्याला कोंबड्या वालवणातल्या सुक्या मासलीवरच पोसतात. अंडी कशी, तर ही एवढाली!" तिनं हातानं जे माप दाखवलं, ते साधारण नारळाचं होतं.

"आणि चवीला?"

"चवीला विचारूच नको! आजवर कोणी नाव नाय ठेवलं."

(मुरब्यात कोण नाव ठेवणार, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण ते डोकं पौष्टिकपणानं भरलेलं होतं.)

झालं! टोपलीच्या तळाचा सगळा चुरा, मोडका जवळा, बोंबलांची डोकी, शेपट्या, सगळं मी घेतलं. कणी बंद, खोबरं बंद. सकाळी ओंजळभर, संध्याकाळी ओंजळभर. कोंबड्या आधी दचकल्या, मग चोच मारली, आणि त्यानंतर मला त्यांनी आई मानलं. मी परसात पाऊल टाकायचा अवकाश, पाचही जणी पंख पसरून अंगावर!

आणि काय सांगू, अंडी सुरू झाली! आधी दोन, मग तीन, मग रोज पाचच्या पाच. मोठी, जड, आणि आतला बलक असा शेंदरी की मारुतीला लावावा. आईनं मीठ-मोहऱ्या घेऊन कोंबड्यांची दृष्ट काढली. दादानं पहिल्यांदाच मला "शाब्बास मालू" म्हटलं. मी मॅट्रिक झाले तेव्हाही तो हे म्हणाला नव्हता.

पहिलं अंडं मी स्वतः उकडलं, सोललं, मीठ लावलं आणि बशीतून वहिनीसमोर नेलं.

"घे वहिनी! आता बघच तू!"

वहिनीनं घास घेतला. चेहरा आधी पांढरा झाला, मग हिरवा. बशी माझ्या हातात देऊन ती जी परसात पळाली ती केळीच्या बुंध्यापाशीच थांबली.

"काय झालं?" आई धावत आली.

"अंडं उलटलं!"

"अंडं? अंडं तर ठरायचं!"

वहिनी पदरानं तोंड पुसत आली. हळूच म्हणाली, "वन्सं, त्याला... जरासा वास येतोय का हो?"

मी उरलेलं अर्धं अंडं हुंगलं. काही नाही. तोंडात टाकलं. अहाहा! काय चव! आईनं दुसरं फोडून खाल्लं. "अमृत हाय गो! वास कुठला?" दादानं खाल्लं. "छे! उलट एवढं चांगलं अंडं मी उभ्या जन्मात खाल्लं नाही." तीन माणसांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की अंड्याला वास नाही. वहिनीनं पदर पुन्हा नाकावर ओढला.

पण मी शास्त्र शिकलेली! मी म्हटलं, आपण घरचे, तिऱ्हाइताला विचारू. चार अंडी फडक्यात बांधून मी पालघरला गेले आणि थेट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी तिथेच कंपाउंडरकडून एक उकडून घेतलं. खाताना त्यांचे डोळे मिटले.

"वा! असली अंडी लहानपणी आजोळी खाल्ली होती."

"वास येतो का?"

"कसला वास? उत्तम अंडं आहे. सूनबाईंच्या मनाचा खेळ आहे हा. गोडीगुलाबीनं समजूत घाला."

आता शास्त्रानंच शिक्का मारला म्हटल्यावर कोण काय बोलणार? (डॉक्टरांचं आजोळ सातपाटीचं, म्हणजे मासळीच्याच बंदरातलं, हे मला माहीत होतं. पण त्याचा इथे काही संबंध असेल असं वाटलं नाही.)

मग सुरू झाली समजूत. सकाळी आई, संध्याकाळी मी, रात्री दादा. "मनाचा खेळ आहे गं, डोळे मीट आणि गीळ." आणि त्यावर माझी आणखी एक युक्ती. वहिनी थोडंच खाणार असेल, तर त्या थोड्यातच जास्त ताकद पाहिजे. म्हणून मी जवळा वाढवला! एका ओंजळीच्या दोन केल्या.

आश्चर्य म्हणजे युक्ती लागू पडली. वहिनीच्या बश्या रिकाम्या येऊ लागल्या. "अंडं खोलीत नेऊन खाते हं वन्सं, निवांत," ती म्हणायची, आणि थोड्या वेळानं रिकामी बशी आणून द्यायची. मी आईकडे बघायची, आई माझ्याकडे बघायची. जिंकलो!

एकच कळेना. वहिनी रोज बारीक होत होती. आणि खिडकीखालची मांजरं रोज जाड होत होती.

आधी एक मांजर होतं, मग तीन झाली, आणि मग गावातलं यच्चयावत मांजर सकाळ-संध्याकाळ वहिनीच्या खिडकीखाली हजर! अंडं चुलीवर चढलं की कुंपणावर त्यांची सभाच भरायची.

"मेल्यांचं इथं लगीन हाय काय?" आई झाडणी घेऊन धावायची.

"जवळ्याच्या वासानं येत असतील," मी म्हणायची.

बघा! उत्तर माझ्याच तोंडून बाहेर पडत होतं, आणि माझ्याच कानाला ऐकू येत नव्हतं.

एक दिवस वहिनी विहिरीपाशी चक्कर येऊन बसली. तिला घरात आणून निजवलं तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. एवढासा झालेला, नुसती हाडं. मला रडू फुटलं. आईनंसुद्धा त्या दिवशी चूल लवकर विझवली आणि देवापाशी बसून राहिली. दादानं स्टेशनावर जाऊन कराडला तार केली.

तिसऱ्या दिवशी वहिनीचे वडील दारात उभे. आबा म्हणायची सगळी त्यांना. डोक्याला पटका, पांढऱ्या मिशा आणि खांद्यावर ज्वारीचं पोतं! लेकीच्या सासरी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून कराडपासून गाड्या बदलत ते पोतं वाहून आणलेलं. पिशवीत शेंगदाण्याची पेंडही होती, आमच्या गाईसाठी. (आमच्याकडे गाय नव्हती.) त्यांनी लेकीकडे बघितलं, पोतं खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "शाले, लई वाळलीस गं."

आईला ते शब्द जिव्हारी लागले. सून सासरी येऊन वाळली, हे व्याह्यानं डोळ्यांनी बघितलं! आता निदान पाहुणचारात तरी कमी पडायचं नाही म्हणून तिनं कंबर कसली. व्याही मासळी खात नाहीत, हे तिनं विशेष लक्षात ठेवलं. त्या दिवशी घरात बोंबलाची माळसुद्धा फडक्यात गुंडाळून ठेवली. केलं काय? तर सहा अंड्यांचा, ताटभर मोठा, खरपूस पोळा!

आबा पाटावर बसले. आईनं ताट पुढे सरकवलं. आबांनी घास मोडला, नाकाजवळ नेला आणि पुन्हा ताटात ठेवला.

"विहीणबाई, राग मानू नका. पन म्या मासा खात न्हाई."

"मासा नाय तो. अंड्यांचा पोला हाय."

"ते दिसतंय. पन मासा?"

"मासा नायच हाय!"

आबांनी बोटानं पोळ्याची कड उचलली आणि खाली वाकून बघितलं. मग उलटा करून बघितला. "मग वास कशाचा येतोय वो?"

"वास?" आईचा आवाज चढला. "कसला वास? घरात आज मासळीचं नखसुदीक नाय! मालू, ताजं अंडं आण! यांच्या म्होरं फोड!"

मी खुराड्यातलं गरम अंडं आणून आबांसमोर वाटीत फोडलं. शेंदरी बलक डोलत होता. आबा वाकले, हुंगलं आणि झटकन मागे सरले. पटका भिंतीला लागून वाकडा झाला.

"पोरी," ते अगदी शांतपणे म्हणाले, "ह्ये अंडं कोंबडीनं घातलं, का पापलेटानं?"

दारात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. वहिनी उठून आली होती आणि चौकट धरून खाली बसली होती. आधी वाटलं, पुन्हा चक्कर आली. पण ती हसत होती! हसता हसता डोळ्यांतून धारा.

"आबा! तुमास्नी बी येतो वास? खरंच येतो? म्हंजी मी येडी न्हाई झाले!"

मग सगळं बाहेर आलं. अंडी मांजरं खात होती, एकूण एक. "अगं, मग सांगायचंस ना!" मी ओरडलेच.

"काय सांगू वन्सं? सांगितलं की. तुम्ही म्हणालात वास न्हाई. आई म्हणाल्या न्हाई. हे म्हणाले न्हाई. डॉक्टर बी म्हणाले न्हाई. एवढी शहाणी माणसं खोटं बोलतील का? मला वाटलं, माझंच नाक बिघडलं. आणि तुम्ही एवढ्या हौसेनं उकडून आणायचात... पोटात तर जाईना, मग मांजरांना तरी..."

मी तिच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. दादा खाली मान घालून उभा. आई मात्र ती वाटी नाकाशी धरून पुन्हा पुन्हा हुंगत होती. "पन येतो कुठं वास? सांगा ना कुणी! येतो कुठं?" (तिला तो शेवटपर्यंत आला नाही. मलाही नाही.)

आबांनी घास न घेता हात धुतला, परसात गेले आणि कोंबड्यांकडे बघत उभे राहिले. कोंबड्या बोंबलाचं डोकं ओढाओढ करून खात होत्या.

"ह्यास्नी ज्वारी घाला," आबा म्हणाले.

"ती तर वहिनीसाठी आणलीत ना तुम्ही?"

"मग हे बी तिच्याचसाठी हाय की."

आबा मुक्कामाला राहिले. ज्वारी, थोडी कणी, पेंडीचा चुरा आणि वरून माठाचा पाला. कोंबड्यांनी ज्वारीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही. एकीनंही चोच लावली नाही! चक्क उपोषण! आणि दुसऱ्या दिवशी जानकीमावशी टोपली घेऊन गल्लीत आली मात्र, पाचही जणी कुंपणावरून उड्या मारून तिच्या मागे! पुढे मावशी "गो बाय, वाचवा गो!" करत पळतेय, मागे आमच्या कोंबड्या, त्यांच्यामागे गावची मांजरं, आणि सगळ्यांमागे मी! स्टेशनमास्तर बाहेर येऊन हिरवं निशाण हातात धरून बघत राहिले. मावशीनं त्यानंतर आमच्या गल्लीत पाऊल टाकणंच सोडलं.

पण पोट शेवटी सगळ्यांना सारखंच. भूक लागली तेव्हा कोंबड्या ज्वारीवर आल्या.

तोवर आबांनी दुसरं एक काम केलं होतं. नवा कोरा मातीचा तवा आणून परसात तीन दगडांची चूल मांडली आणि स्वतःच्या हातानं लेकीला ज्वारीची भाकरी थापून घातली, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. ती टिकली! अर्धी टिकली, मग एक टिकली. आई आडून आडून बघत होती. चौथ्या दिवशी म्हणाली, "व्याही, उठा तुमी. शिकवा मला." आणि आबांच्या समोर बसून आईनं भाकरी थापली. पहिली भाकरी मांजरांनीसुद्धा नाकारली, पण ते सोडा.

प्रश्न अंड्यांचा होता. वास गेला की नाही, हे ठरवायचं कुणी? आमच्या नाकांवर आता कुणाचा भरवसा उरला नव्हता. वहिनीवर प्रयोग करायचा नव्हता. मग आबाच रोज सकाळी एक अंडं फोडायचे, हुंगायचे आणि निकाल द्यायचे. घरदार भोवती उभं.

"समुद्र हाय अजून," ते म्हणायचे, आणि अंडं आमच्या वाट्याला यायचं.

असं बरेच दिवस. मग एकदा म्हणाले, "आता खाडी लागली."

आणखी काही दिवसांनी, "इहिरीपाशी आलो."

आणि एका सकाळी त्यांनी अंडं हुंगलं आणि काहीच बोलले नाहीत. त्याच खुराड्यातलं दुसरं उचललं, उकडलं, सोललं, मीठ लावलं आणि वहिनीसमोर धरलं. आम्ही श्वास रोखून उभे. वहिनीनं पदर नाकावरून बाजूला केला. घास घेतला. चावला. गिळला. थांबली. आम्ही केळीच्या बुंध्याकडची वाट मोकळी ठेवली होती.

"वन्सं," ती म्हणाली, "अजून एक हाय का?"

मी खुराड्याकडे अशी धावले की उंबऱ्यावर आपटले. अजून गुडघ्यावर खूण आहे.

ती अंडी आम्हाला मात्र घशाखाली उतरेनात. बेचव! नुसती पांढरी माती! आई ती सुक्या बोंबलाच्या चटणीत बुडवून खायची आणि वहिनी आली की चटणी पाटाखाली लपवायची. यथावकाश बोईसरलाच वहिनीला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. आवाज असा की तारापूरच्या पाळीचा भोंगा झाला असं वाटावं. आबांनी नातीला मांडीवर घेऊन आधी हुंगलं. "न्हाई येत," म्हणाले. तेव्हा कुठे घरात पेढे वाटले गेले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मी एवढ्या सहजी सुटणारी नव्हते.

पुढे माझं लग्न झालं ते थेट घाटावर, सोलापूरकडे. समुद्र तर सोडाच, तिथे पाण्याचा हंडासुद्धा जपून वापरायचे. आणि मला दिवस गेले. पोटात काही ठरेना! सासूबाई मायेच्या. त्यांनी ज्वारीवर पोसलेल्या कोंबड्यांची अंडी उकडून समोर ठेवली. मी घास घेतला आणि ढसाढसा रडले.

"काय झालं पोरी?"

"शिळी आहेत हो अंडी! यांना काही वासच नाही!"

सासूबाईंनी अंडं उचलून हुंगून बघितलं. त्यांनी माझ्या माहेरी निरोप धाडला की मुलगी अंड्याला वास नाही म्हणून रडते, तिचं काही खरं नाही, कुणीतरी येऊन जा.

आली वहिनी. गाड्या बदलत, एवढ्या लांबून, मांडीवर भुशात ठेवलेल्या अंड्यांची टोपली सांभाळत. निरोप मिळाल्यापासून महिनाभर तिनं स्वतः आमच्या परसातल्या कोंबड्यांना ओंजळ-ओंजळ जवळा घातला होता. जानकीमावशीला शपथा घालून पुन्हा गल्लीत आणलं होतं. सगळ्या प्रवासात पदर नाकावर! डब्यातल्या बायका म्हणाल्या म्हणे, "काय मर्यादशील बाई आहे!"

आल्या आल्या तिनं चूल पेटवली. एका हातानं नाक दाबून, दुसऱ्या हातानं अंडं उकडलं, सोललं, मीठ लावलं. वास घरभर पसरला. (पसरला असं सगळे म्हणतात. मला आला नाही.) सासूबाई उठून अंगणात जाऊन बसल्या. सासरे शेताकडे गेले. कुंपणावर एक अनोळखी मांजर येऊन बसलं.

मी घास घेतला. टिकला. दुसरा घेतला, टिकला. वहिनी समोर बसून माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी, आणि ते मायेचं की वासाचं ते तिलाच ठाऊक. मलाही भरून आलं. अख्खं अंडं मी बोटं चाटून संपवलं, तिचा हात धरला आणि मनापासून म्हणाले,

"वहिनी, यंदा जवळा जरा कमी पडला का गं?"